आमची वाटचाल : मिक्सरच्या अलीकडची डबी

दुकानाच्या पाटीवर ‘मिक्सर दुरुस्ती’ एवढंच लिहिलं होतं. त्यामुळे बायका स्वयंपाकघरातला मिक्सर घेऊन यायच्या आणि ऑर्केस्ट्रावाले स्टेजवरचा, सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र करणारा. आम्ही दोन्ही ठेवून घ्यायचो. त्याआधी काही वर्षं मी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये दुसऱ्याच्या टेबलावर रेडिओ-टेप उघडत बसायचो, त्यामुळे स्टेजवरच्या मिक्सरची भीती वाटत नव्हती. चटणीच्या मिक्सरची मात्र थोडी वाटायची.

गिटार आमच्याकडे आली ती चोपड्याकडच्या एका पोरामुळे. लग्नाची सीझन संपली होती, आषाढातली रिकामी दुपार. आल्या आल्या म्हणाला, “भाऊ, मनी गिटार रडी ऱ्हायनी.” म्हणजे माझी गिटार रडतेय. तारा नव्या टाकून झाल्या होत्या, तारांची थरथर विजेत बदलणारा पिकअपसुद्धा बदलून झाला होता. तरी स्टेजवर आवाज असा, की गिटारवर कुणी गोधडी टाकली आहे. मी विचारलं, लावतोस कुठे? म्हणाला, सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला.

तिथेच गोम होती. लाइन इनपुट असतो की-बोर्डसारख्या जोरकस सिग्नलसाठी. पुण्या-मुंबईत गिटारवाल्याकडे गिटारचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, असतो. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात एकच मिक्सर, त्यात की-बोर्ड, ऑक्टापॅड, माइक आणि उरलेल्या भोकात गिटार. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. मीटर लावला तर सहा-सात हजार ओम रोध दिसतो, पण वरच्या फ्रिक्वेन्सीला तेच प्रकरण साठ हजारांच्या घरात जातं. लाइन इनपुटचा रोध असतो साधारण दहा-वीस हजार. पिकअपचा रोध इनपुटच्या रोधाहून मोठा झाला की सिग्नल पिकअपमध्येच अडतो, म्हणजे ट्रेबल (वरचे, बारीक सूर) वाटेतच खाल्ला जातो. वर सहा मीटर केबल. दर मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता), तोही ट्रेबलच गिळतो. पिकअप बदलून यातलं काय सुधारणार?

सुपारीच्या पत्र्याच्या डबीत मी एक प्रीअँप, म्हणजे मिक्सरच्या आधी सिग्नल सांभाळणारं सर्किट, बांधून दिला. आत आठ पायांची टीएल०७२ ही आयसी (चिप), इनपुटचा रोध १ मेगाओम म्हणजे दहा लाख ओम, आउटपुटचा हजाराच्या आत. या आयसीत दोन अँप असतात. एक नुसता बफर ठेवला, म्हणजे आवाज न वाढवता सिग्नल पुढे देणारा; दुसऱ्यावर बूस्ट, म्हणजे आवाज वाढवणं, आणि एक नॉब. पोराने डबी मधे लावली आणि सर्वांत बारीक तार छेडली, तर नखाचा ‘टिक’सुद्धा ऐकू आला. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, डबी खिशात घातली. पैसे पुढच्या सीझनला दिले, ते वेगळं.

तीच डबी आज आमचा मुख्य माल आहे. फक्त सुपारीचा वास गेला. आता ओतीव अॅल्युमिनियमचा डबा असतो आणि एमआयडीसीत चटईच्या कारखान्याला लागून एक पावडर कोटिंगवाला आहे, तो रंग मारून देतो. सोल्डरिंग माझी बायको करते. माझ्यापेक्षा स्वच्छ करते, हे मी दुकानात सांगत नाही, पण इथे सांगतो.

मधे मला मोठेपणाचा झटका आला. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर निघाला होता. आत ओसी४४ हा एकच जर्मेनियमचा (सिलिकॉनच्या आधीच्या पिढीचा) ट्रान्झिस्टर. आपणही जर्मेनियम करायचं ठरवलं. भंगारातले जुने रेडिओ फोडून एसी१२८ हे तसलेच ट्रान्झिस्टर काढले आणि डिसेंबरात दहा डब्या तयार केल्या. काय आवाज होता! गोड, जाडसर, गिटारचा आवाज अगदी पुढे येणारा. मे महिन्यात अमळनेरच्या बाजूला लग्न होतं, मांडव पत्र्याचा. दुपारी फोन आला, गिटार थुंकतेय. गेलो तर खरंच सूर सुरू व्हायचा आणि फुर्रकन तुटायचा. जर्मेनियमची गळती, म्हणजे बंद असतानाही झिरपणारी वीज, दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. डिसेंबरातल्या रात्री लावलेला बायस (ट्रान्झिस्टरच्या कामाचा ठरवून दिलेला बिंदू) पंचेचाळीस अंशांत कुठला टिकायला? डबा हातात धरवत नव्हता. दहाच्या दहा परत घेतल्या. ज्याच्या गावात मे महिना असा नसतो, त्याने जर्मेनियमचे गोडवे गावेत. आम्ही सिलिकॉनवर आलो ते आलोच. आयसीचा आवाज निर्जीव म्हणणारे भेटतात. त्यांना मी डोळे मिटायला सांगतो आणि दोन डब्या आलटून पालटून लावतो.

दुसरा धडा अडाप्टरचा. आमच्या डबीसारख्या पेडलला ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधोमध निगेटिव्ह असतो. मांडवात अंधार, घाई, हाताला येईल ते की-बोर्डचं १२ व्होल्टचं अडाप्टर आत, बऱ्याचदा उलट्या पिनचं. पहिल्या लॉटमधल्या किती डब्या जळल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. आता दारातच एक डायोड उभा असतो. उलटी वीज आली तर तो वाट अडवतो.

बूस्टबद्दल मात्र आमच्याच गिऱ्हाइकांशी माझं भांडण असतं. नॉब पूर्ण फिरवला की २० डेसिबल, म्हणजे व्होल्टेज दहापट. प्रत्येकाला तो पूर्णच फिरवायचा असतो. मग मिक्सरवाला वैतागून फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो आणि जैसे थे. सोलोच्या तुकड्याला पाच-सहा डेसिबल पुरतात. डिस्टॉर्शनच्या (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलच्या) आधी बूस्ट लावला तर आवाज जास्त फाटतो, नंतर लावला तर नुसता मोठा होतो. हे दुकानातच वाजवून दाखवल्याशिवाय मी डबी हातात देत नाही. परवा एक काका बूस्टर मागायला आले. केबल वाकवून पाहिली तर जाळी आतून तुटलेली. केबल बदलून पाठवून दिलं. बायको म्हणाली, गल्ल्यात काय पडलं? मी म्हटलं, केबलचे पडले ना.

सध्या टेबलावर नंदुरबारकडच्या एका बँडचा बॅन्जो उघडा पडलाय. त्याचा पिकअप आणखी दुबळा, तारा मात्र चाकूसारख्या. प्रीअँप लावला तर आवाज येतो, पण कानात टोचतो. काल ट्रेबल कापणारा कपॅसिटर तीनदा बदलला. शेजारचा टेलर येऊन विचारून गेला, अजून किती दिवस? तुळशीच्या लग्नाआधी द्यायचं कबूल केलंय.