टॅला-मेगेटचा तुकडा अखेर फाइलमध्ये बसला, आणि आता लूपच उलटा फिरवतेय

मंडळी, स्कॉटलंडमधल्या माझ्या मोटरसायकलच्या लूपची फाइल सॅटनॅव्हवर (रस्ता सांगणाऱ्या यंत्रावर) चढवली की मार्गच बदलायचा. गेल्या पोस्टपासून अडलेलं हे काम रविवारी सुटलं. सॅटनॅव्हने ट्वीड्सम्युअरला ‘डावीकडे वळा’ म्हटलं, मॉफॅटचं नावही काढलं नाही. हेल्मेटमध्ये मी मोठ्याने ‘शाब्बास’ म्हणाले!

नव्यांसाठी लूप पुन्हा सांगते. एडिनबराहून ए७०२ रस्ता धरून पेंटलंड टेकड्यांच्या कडेकडेने बिगर, तिथून ब्रॉटन, ए७०१ वर ट्वीड्सम्युअर. मग टॅला जलाशयाच्या काठाने वर चढून मेगेट, खाली उतरलं की सेंट मेरीज लॉख, म्हणजे तळं. गॉर्डन आर्म्सच्या चौकात बी७०९ पकडून ट्रॅक्वेअर, इनरलीथन, आणि तोच बी७०९ पुढे हेरियटला ए७ ला मिळतो, तिथून घर. सगळं मिळून शंभर मैलांच्या आतबाहेर. या भागात एवढ्या अंतरात इतकं वैविध्य देणारा दुसरा लूप मला माहीत नाही.

अडचण दोन जागी होती. संगणकावर आखलेली रेघ अगदी हवी तशी दिसायची, पण फाइल सॅटनॅव्हवर चढवली की टॅलाचा सिंगल ट्रॅक (एकाच गाडीपुरता अरुंद रस्ता) गायब, आणि त्याऐवजी मॉफॅटवरून ए७०८ ने फेरा. दुसरीकडे इनरलीथनहून हेरियटकडे जायचं सोडून ते मला पीबल्समार्गे ए७०३ वर ढकलायचं. म्हणजे ज्या दोन तुकड्यांसाठी हा सगळा खटाटोप, नेमके तेच कापले जायचे.

इथे जीपीएक्सचं, म्हणजे यंत्राला द्यायच्या मार्गाच्या फाइलचं, पोट उघडून बघावंच लागतं. फाइल साध्या मजकुराची असते, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. तिच्यात ‘रूट’ आणि ‘ट्रॅक’ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. रूट म्हणजे फक्त मोजके बिंदू. दोन बिंदूंमधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावर, स्वतःच्या आवडीनिवडीने नव्याने शोधतं. ट्रॅक म्हणजे शेकडो बिंदूंची आखलेली रेघ, तिच्यात यंत्र ढवळाढवळ करत नाही, पण साध्या ट्रॅकवर ते वळणंही बोलून दाखवत नाही. माझं सॅटनॅव्ह अरुंद रस्त्याला फार कमी वेग धरतं, त्यामुळे त्याच्या हिशोबात रुंद रस्त्याचा लांब फेराच स्वस्त पडतो. शिवाय आखणीचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा आणि यंत्रातला नकाशा दुसऱ्याच कुणाचा. एका नकाशात बरोबर रस्त्यावर असलेला बिंदू दुसऱ्यात काही मीटर बाजूला पडतो आणि शेजारच्या जंगलवाटेला चिकटतो. मग यंत्र त्या वाटेत शिरायला सांगतं आणि लगेच यू-टर्न. सिंगल ट्रॅकवर, उतारावर, ओल्या लेंड्यांवरून भरलेली गाडी वळवून बघा, मग कळेल मी का चिडले होते.

उपाय असा निघाला. बिंदू कधीही फाट्यावर, धरणाच्या भिंतीपाशी किंवा गावात ठेवायचा नाही. तुकड्याच्या मधोमध, जिथे आजूबाजूला दुसरी वाटच नाही अशा सरळ भागात ठेवायचा. टॅलाच्या काठावर मध्यावर एक, मेगेटच्या उत्तर काठावर एक, इनरलीथन आणि हेरियटच्या मध्ये उघड्या माळावर दोन. आपोआप नव्याने मार्ग काढण्याची सोय बंद. आणि त्याच फाइलचा ट्रॅक ठळक रंगात खाली पसरून ठेवायचा, म्हणजे बोलणारी रेघ आणि आखलेली रेघ कुठे फुटतेय हे निघायच्या आधीच पडद्यावर दिसतं. परवा रात्री दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसलेल्या पाहिल्या तेव्हा झोपच उडाली.

साधनांबद्दल माझं मत: वळणावळणाचे रस्ते हुडकायला कुरव्हिगर हे मार्ग आखायचं साधन उत्तम आहे. पण रस्त्याचा स्वभाव कळतो तो ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या कागदी लँडरेंजर नकाशावरच. दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर, दर दहा मीटरला समोच्च रेषा, आणि चढाचे बाण: एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के, दोन म्हणजे त्याहून खडा. टँक बॅगच्या खिशात तो असतोच.

रस्ता कसा होता म्हणाल, तर टॅलाचं धरण १९०५ चं, मेगेटचं १९८३ चं, आणि दोन्हींचं पाणी एडिनबराला येतं. टॅलाच्या वरच्या टोकाला रस्ता एकदम अंगावर येतो आणि मग उघड्या डोंगरात सोडून देतो. ट्रॅक्वेअरच्या वाड्याचा अस्वलांचा दरवाजाही पाहिला. १७४५ पासून तो बंद आहे, स्टुअर्ट राजा पुन्हा गादीवर बसेपर्यंत उघडायचा नाही म्हणून, असं तिथे सांगतात. सेंट मेरीज लॉखच्या काठी धपाटे आणि थर्मासमधला चहा, वारा असल्यामुळे एकही मिज (चावणारं बारीक चिलट) नाही.

पण टॅलाच्या काठाने जाताना एक नवीनच गोष्ट डोळ्यांत घुसली: सूर्य. जलाशय वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलाय आणि मी दहाच्या सुमारास आग्नेयेकडे चालले होते. समोर सूर्य, खाली भिजलेलं डांबर, त्याच्यावर चकाकी. पुढची मेंढी दिसेना. ताम्हिणी-वरंध करणाऱ्या आपल्या लोकांना पावसाचा, धुक्याचा हिशोब पाठ असतो, सूर्याचा कधी करावा लागत नाही. पुण्यात डिसेंबरातही भर दुपारी तो ४८ अंशांवर असतो. एडिनबरात सप्टेंबरअखेर ३१ आणि डिसेंबरात जेमतेम ११.

म्हणून लूप उलटा. सकाळी ए७ ने हेरियट. तिथे ऊन समोरून येईल, पण रस्ता रुंद आहे. दुपारी मेगेट, तिथे थोडं डावीकडून लागेल. टॅला उतरताना डाव्या अंगाला, आणि ए७०२ ने ईशान्येकडे परतताना पूर्ण पाठीमागे. तोटा एकच: तो खडा चढ आता उतार होतो. हायवे कोडप्रमाणे, म्हणजे इथल्या वाहतूक नियमांप्रमाणे, चढून येणाऱ्याला शक्य तिथे आपण वाट द्यायची, म्हणजे उतारावर पासिंग प्लेसमध्ये (समोरच्याला जाऊ द्यायला ठेवलेल्या रुंद जागेत) थांबायची तयारी ठेवून पहिल्या गिअरमध्येच उतरायचं. डांबर ओलं असेल तर मी तो तुकडा सोडून ए७०८ नेच मॉफॅटला जाईन, वाटेत ग्रे मेअर्स टेल धबधबा आहेच.

हे लिहितानाच आणखी एक सुचलं. उन्हाळ्यात गॉर्डन आर्म्सहून उत्तरेला न वळता बी७०९ ने दक्षिणेला एस्कडेलम्युअर गाठायचं. तिथे १९६७ पासूनचा सामये लिंग हा तिबेटी मठ आहे, आणि १९०८ ची भूचुंबकीय वेधशाळा. लंडनजवळच्या क्यूमध्ये विजेच्या ट्राममुळे मोजमापं बिघडू लागली म्हणून काम इथे हलवलं. आपल्याकडे १९०४ मध्ये कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला गेली, तीही मुंबईच्या विजेच्या ट्राममुळेच! अलिबागची पाहिली आहे, आता तिची ही बहीण बघायचीच. त्या रस्त्यावर लाकडाचे लांबलचक ट्रक असतात, त्यामुळे कामाचा वार टाळून रविवारच धरायचा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, मग साडेचारलाच अंधारतं. उलटा लूप त्याच्या आधीच्या रविवारी काढतेय. एडिनबरातच टाकी भरून साडेआठला निघू. नवी फाइल, रूट आणि ट्रॅक दोन्ही, शुक्रवारी टाकते. येणाऱ्यांनी आधी आपल्या यंत्रावर चढवून माळावरचे दोन बिंदू तपासा आणि रेघ कुठे फुटली तर शनिवारी दुपारपर्यंत कळवा.