कूलरचं पाणी

नवतपाचा दुसरा दिवस होता. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की आमच्या अकोल्यात पुढचे नऊ दिवस दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी घरगुती बागा सांभाळते. या दिवसांत काम पहाटे साडेपाचला सुरू होतं आणि नऊच्या आत आवरावं लागतं. हिरवी जाळी ताणायची, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कुंड्या हलवायच्या, मातीवर कडुनिंबाचा वाळका पाला नाहीतर सोयाबीनचं कुटार पसरायचं. पाणी उजाडायच्या आधी. खत बंद.

त्या दिवशी एका आजींकडे पहिल्यांदाच गेले. फाटकातच म्हणाल्या, "रोज पाणी टाकतो व पोरी, तरी झाडं जळून राहिली. आता तूच पाहा."

बारा कुंड्या होत्या. मोगरा, कढीपत्ता, जास्वंद, तुळस, आणि कोपऱ्यात अनंत. सगळ्यांची पानं कडेनं तपकिरी. आधी मलाही उन्हाचाच चटका वाटला. पण अनंताच्या आतल्या, सावलीतल्या जुन्या पानांवर बोट फिरवलं तर तीही टोकाकडून वाळलेली. ऊन असं जाळत नाही. उन्हाचा डाग पानाच्या उन्हाकडच्या अंगावर, बऱ्याचदा मधोमध पडतो, पांढुरका पडतो, आणि आतली पानं वाचतात. टोकापासून सुरू होऊन कडेकडेनं आत सरकणारा जाळ मुळांकडून येतो. माती चाचपली तर ओली. कुंडीच्या काठाशी मात्र पांढरा खार फुटला होता, नखानं पापुद्रा निघेल इतका जाड.

तेवढ्यात आजींनी कूलरखालची तोटी सोडली आणि बादली भरायला लावली. "आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करायला सांगतात न, डेंग्यूच्या डासांसाठी. मंग एवढं पाणी वाया कायले घालवू? झाडांलेच देतो." कूलरच्या ताटीवरचं गवत पाहिलं. त्याच्यावर तोच पांढरा थर होता.

आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे, अकोला, अमरावती, बुलढाणा मिळून. भूगर्भातलंच पाणी खारं. नळाला काटेपूर्णा धरणाचं गोड पाणी येतं, पण ते रोज येत नाही, म्हणून ते पिण्यासाठी राखायचं आणि कूलर बोअरच्या पाण्यावर चालवायचा, अशी घराघरांतली रीत. कूलर पाण्याची वाफ करतो, क्षार टाकीतच राहतात. आपण रोज वरून बोअरचं पाणी भरत राहतो आणि क्षार साठत जातात. माझ्या पिशवीत टीडीएस मीटर असतो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, आरओ दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तसा. आकडा जितका मोठा, तितकं पाणी खारं. नळाचं पाणी 260, बोअरचं 1,150, आणि बादलीतलं 4,900. आजींनी चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला. काही बोलल्या नाहीत. तोटी बंद केली.

मग कळलं, पानं जळायला लागल्यावर एका रोपवाटिकेतून त्यांना डीएपी हे रासायनिक खत द्यायला सांगितलं होतं. क्षारावर आणखी क्षार. मला राग आला, तो अजून गेलेला नाही. झाड सुकलं की खत, हे उत्तर मे महिन्यात कुणीही देऊ नये.

उपाय एकच होता. वरचा बोटभर थर खरवडून काढायचा आणि गोड पाणी कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट, थांबत थांबत, तळातून वाहून जाईपर्यंत द्यायचं. म्हणजे एका मोठ्या कुंडीला 40 ते 50 लिटर. घरात होता एक ड्रम, 200 लिटरचा, आणि नळ यायला अजून दोन दिवस. बारा कुंड्यांना ते पुरणार नव्हतं. मी आजींना विचारलं, कोणती वाचवायची? त्यांनी आधी तुळस दाखवली, मग कढीपत्ता. तिसऱ्याला बराच वेळ थांबल्या आणि अनंताकडे बोट केलं. माहेरच्या अंगणातली फांदी लावून वाढवलेला होता. चौथा, फाटकाजवळचा मोगरा, मी निवडला, कारण त्याची मुळं अजून पांढरी होती.

अनंताच्या तळातून पहिलं पाणी पडलं ते 5,300. आम्ही दोघी खाली बसून थेंब मोजल्यासारखं पाहत होतो. पाचव्या बादलीला 1,400 वर आलं. साडेनऊ झाले होते, फरशी चटके देत होती. वर कडुनिंबाचा पाला पसरला आणि कुंडी जाळीखाली ओढली.

उरलेल्या आठांपैकी तीन मोगरे आणि एक जास्वंद गेली. बाकीच्या चारही कुंड्या मृगाच्या पहिल्या सरींत मी पन्हाळाखाली ठेवायला लावल्या. जूनच्या अखेरीस आजींनी फोन केला, अनंताच्या शेंड्याला चकचकीत हिरवी पानं आली होती. कूलरचं पाणी त्या आता अंगण धुवायला वापरतात.