व्ही-एटची लय आणि विजेची झेप

मी डेट्रॉइटच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो, आणि दर वर्षी ऑगस्टमधला एक शनिवार वुडवर्ड अव्हेन्यूच्या कडेला खुर्ची टाकून घालवतो. डेट्रॉइटहून पाँटियाक गावाकडे जाणाऱ्या या रस्त्यावर साठच्या दशकातली मुले एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत शर्यती लावत. 1995 पासून तिथे जुन्या गाड्यांची 'ड्रीम क्रूझ' निघते. यंदा त्या गर्दीतून डॉज या अमेरिकन कंपनीची विजेवर चालणारी चार्जर डेटोना माझ्यासमोरून गेली, आणि तेव्हापासून मसल कारचा, म्हणजे साध्या गाडीत मोठे इंजिन घातलेल्या अमेरिकन गाडीचा, प्राण नेमका कशात होता हा प्रश्न मनातून जात नाही.

इतिहासात त्याचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर सापडते. 1964 साली मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. जनरल मोटर्सच्याच पाँटियाक या शाखेचे तेव्हाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट या साध्या घरगुती गाडीत 389 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे, व्ही-एट (इंग्रजी V आकारात दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेले) इंजिन बसवले. ते स्वतंत्र मॉडेल म्हणून न आणता सुमारे 296 डॉलरला मिळणारा जादा पर्याय म्हणून यादीत घातले, आणि त्यातून जीटीओ जन्मली. मोठे इंजिन, साधी गाडी आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाला झेपेल अशी किंमत, एवढीच ती कल्पना होती. पुढे विम्याचे चढते हप्ते, प्रदूषणाचे कायदे आणि 1973चे तेलसंकट यांनी ती पहिली पिढी संपवली.

वेगाच्या बाबतीत आता वाद उरलेला नाही. पेट्रोल इंजिनाचा पूर्ण जोर मिळण्यासाठी त्याचे फेरे आधी वाढावे लागतात. विजेची मोटर मात्र जागेवरून हलतानाच सगळा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, चाकांकडे पाठवते, आणि चौथाई मैलाच्या शर्यतीत पहिली काही मीटरच निर्णायक असतात. डिसेंबर 2023 मध्ये कॅनडातील ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून डॉजचीच शेवटची व्ही-एट चॅलेंजर बाहेर पडली. तिच्या पाठोपाठ आलेल्या विजेवरच्या चार्जर डेटोनाची वरची आवृत्ती 670 अश्वशक्तीची आहे आणि ताशी 60 मैलांचा वेग 3.3 सेकंदांत गाठते. मात्र सुमारे 100 किलोवॅट-तासांच्या बॅटरीमुळे तिचे वजन 2,600 किलोच्या वर गेले आहे, आणि साध्या आवृत्तीचीही सुरुवातीची किंमत 60 हजार डॉलरच्या आसपास होती. ग्राहकांचा ओढा पाहता कंपनीने त्याच सांगाड्यात सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिनही दिले.

माझे मन अडते ते आवाजापाशी. बहुतेक अमेरिकन व्ही-एटचा क्रँकशाफ्ट, म्हणजे सिलिंडरांमधल्या दट्ट्यांनी फिरणारा दांडा, 90 अंशांच्या कोनांत घडवलेला असतो, त्यामुळे आठ सिलिंडर मिळून समान अंतराने पेटत असले तरी एकेका बाजूच्या चार सिलिंडरांचा क्रम विषम पडतो. कधी एकाच बाजूचे दोन सिलिंडर लागोपाठ पेटतात, कधी मध्ये मोठी फट राहते. सायलेन्सरमधून येणारी ती घोगरी, अडखळती लय या विषमतेतून येते. एका जाणकाराने मला एकदा डोळे मिटून केवळ आवाजावरून गाड्या ओळखायला शिकवले होते, त्यामुळे ही लय मला यंत्राची बोली वाटते. चार्जर डेटोनामध्ये 'फ्रॅटझॉनिक' नावाची यंत्रणा स्पीकर आणि पोकळ कप्प्यांच्या साहाय्याने तसा गडगडाट तयार करते. मला ते पटत नाही. ज्या यंत्रात काहीच पेटत नाही, त्याने पेटल्याचा आवाज करू नये. मोटरची स्वतःची चढत जाणारी शीळ ऐकण्यासारखी असते, तिला वाव मिळायला हवा.

मूळ कल्पनेच्या अधिक जवळ मला गॅरेजमधली माणसे वाटतात. फोर्डने 2021 साली 'एल्युमिनेटर' ही 281 अश्वशक्तीची मोटर सुमारे 3,900 डॉलरला सुटी विकायला काढली. जुन्या गाडीतून इंजिन उतरवायचे आणि ही मोटर बसवायची, हे 1964च्या त्या युक्तीचेच नवे रूप आहे. बॅटरी आणि तिची वीज मोटरला चालेल अशी बदलून देणारा इन्व्हर्टर वेगळे घ्यावे लागतात आणि खरा खर्च तिथे होतो, ही अडचण मात्र मोठी आहे. बॅटऱ्या स्वस्त झाल्याशिवाय हा छंद तरुणांच्या हाती येणार नाही.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे 1969ची चार्जर आहे आणि तिचे इंजिन थकले आहे. त्यांचा नातू ती विजेवर आणू पाहतो. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' अशा बदललेल्या गाडीला ऐतिहासिक मानत नाही. बदल करायचाच असेल तर तो परत फिरवता यावा आणि मूळ भाग जपून ठेवावेत, असे ती सांगते. गेल्या रविवारी मी त्या दोघांबरोबर गॅरेजमध्ये होतो. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कुठेही कापायची नाही, मोटर जुन्या इंजिनाच्याच बोल्टांच्या जागी बसवायची, या अटीवर आजोबा तयार झाले आहेत, आणि उतरवलेले व्ही-एट ठेवण्यासाठी नातवाने लाकडी स्टँड करायला घेतला आहे.