‘नंबर लायेल शे’ कॅज्युअल्टीत चालत नाही

मोबाइलवर नंबर लावून आलेले नातेवाईक कॅज्युअल्टीच्या, म्हणजे दवाखान्यातल्या तातडीच्या विभागाच्या दारात ‘आमना नंबर लायेल शे’ (आमचा नंबर लावलेला आहे) म्हणून हुज्जत घालतात. चूक त्यांची एकट्यांची नसते. ऑनलाइन मिळालेली अपॉइंटमेंट ओपीडीची, म्हणजे रोजच्या तपासणीच्या विभागाची आहे, हे त्यांना कुणी धड सांगितलेलंच नसतं.

ओपीडीत जो आधी आला तो आधी. कॅज्युअल्टीत ज्याचा जीव धोक्यात तो आधी, मग तो शेवटी का आलेला असेना. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा. बोट कापलेला माणूस दोन तास बसला तरी चालतं. त्याला राग येतो, पण ते बरोबरच आहे.

सर्पदंशाचंच बघा. जळगावच्या रावेर-यावलकडे केळीच्या बागेत घोणस चावली, तर पेशंट आल्यावर साधारण २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि नळी न हलवता २० मिनिटं ठेवतात. मग तिरकी करून बघायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय, सापाच्या विषावरची लस सुरू. सुरुवातच बहुतेक १० व्हायलने (औषधाच्या छोट्या बाटल्यांनी) होते. नळी साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निकाल चुकतो. नाग-मण्यार चावली तर रक्त नेहमीसारखं गोठतं, तिथे पापण्या खाली पडतात का ते पाहायचं. ही २० मिनिटं पेशंट दारात पोचल्यावरच सुरू होतात. घरी बसून साडेअकराची वेळ घेतली तर तेवढं विष पुढे गेलं, दुसरं काय!

इंग्लंडमध्ये २०२० पासून १११ या आरोग्य हेल्पलाइनला फोन करून किंवा ऑनलाइन माहिती भरून इमर्जन्सी विभागात यायची वेळ मिळू शकते. पण ती थांबू शकणाऱ्या पेशंटसाठी. आणि वेळ घेऊन गेलात तरी जास्त गंभीर पेशंट आला की तो आत जातो, तुम्ही बाकावर.

आपल्याकडे मोबाइलचा खरा उपयोग केस पेपरच्या रांगेत. आभा नंबर, म्हणजे सरकारचा आरोग्य ओळख क्रमांक, १४ आकडी असतो. तो आधीच काढून ठेवा. ज्या दवाखान्यात सोय आहे तिथे नोंदणी खिडकीपाशी क्यूआर कोड लावलेला असतो. आभाच्या ॲपमधून स्कॅन करा, प्रोफाइल शेअर करा, टोकन येतं, ते खिडकीत दाखवा. नाव, वय, पत्ता पुन्हा सांगत बसावं लागत नाही.

अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं ओटीपी. आजीच्या आधारला जोडलेलं सिम मुलाकडे असतं आणि मुलगा सुरतला. रात्री दोन वाजता त्याला उठवण्यापेक्षा साधा केस पेपर काढा. आभा नाही म्हणून उपचार अडत नाहीत. दुसरं जास्त त्रासाचं: फोन मुलाचा, प्रोफाइलही मुलाचं, म्हणून केस पेपर मुलाच्याच नावावर निघतो. मग एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट सगळे त्याच नावावर, आणि पुढे जन आरोग्य योजनेच्या फाइलला रेशनकार्डाशी नाव जुळत नाही. खिडकी सोडण्याआधी कागदावरचं नाव आणि वय वाचा. शिक्का बसला की दुरुस्तीला अर्धा दिवस जातो.

पेशंट गंभीर असेल तर यातलं काहीच आधी करायचं नाही. एकाने पेशंटसोबत आत जायचं, दुसऱ्याने खिडकीवर. अपघाताची केस असेल तर पोलिसांचे कागद नंतर. आधी उपचार करायचे, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच सांगितलंय.

ॲम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन केलात तर गावाच्या नावासोबत तालुका सांगा, एकाच नावाची गावं दोन-दोन असतात. पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे, हे दोन वाक्यांत. मळ्यात असाल तर एकाला फाट्यावर उभं करा, रात्री हातात बॅटरी देऊन. आणि ज्या फोनवरून बोललात त्यावर सगळ्या नातेवाइकांना खबर देत बसू नका. ड्रायव्हर त्याच नंबरवर रस्ता विचारतो.