ब्रेक दाबायची हौस

रात्रीची जेवणं उरकून मी टेबलाला कम्प्युटरवरच्या रेसिंग गेमचं स्टिअरिंग कसायला घेतलं, की घरच्यांना वाटतं, आता हा तासभर सुसाट सुटणार. प्रत्यक्षात मी तासभर ब्रेक दाबत बसतो.

नुसतंच पळायचं असेल तर मोबाइलवर ढीगभर गेम आहेत. भिंतीला धडका द्या, गाडी पुन्हा रस्त्यावर हजर! 'असेटो कोर्सा' हा 2014 सालचा इटालियन गेम असले लाड करत नाही. त्यात 1967 ची लोटस 49 ही फॉर्म्युला वनची गाडी आहे. वजन जेमतेम 500 किलो, ताकद 400 हॉर्सपॉवरच्या घरात आणि ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस वगैरे काही नाही. वळणाआधी ब्रेक मारला की भार पुढच्या चाकांवर येतो, मागची हलकी होतात. अशा वेळी ब्रेक खाडकन सोडून चालत नाही. स्टिअरिंग जसजसं वळेल तसतसा पाय हलका करत न्यायचा. पाय हलका होण्याआधीच स्टिअरिंग वळवायची घाई झाली की गाडीचं तोंड आलो त्या दिशेला!

म्हणून या नादातली माणसं पेडलवरही चांगलेच पैसे घालवतात. साध्या पेडलला ते किती खाली गेलं एवढंच कळतं. लोडसेलवालं पेडल पायाचा जोर मोजतं. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच हा लोडसेल. अंतरापेक्षा जोर पायाच्या चांगला लक्षात राहतो. अडचण एकच: जोरात ब्रेक दाबला की चाकं असलेली ऑफिसची खुर्ची मागे पळते. त्यावर उपाय म्हणून खुर्चीच्या चाकांना जुने बूट घालणारे महाभाग आहेत, आणि तो उपाय लागू पडतो.

एवढं करून जायचं कुठे, तर न्युरबर्गरिंगला. जर्मनीतल्या आयफेलच्या जंगलातला 1927 सालचा हा ट्रॅक 20.8 किलोमीटरचा आहे. जर्मनी न पाहिलेल्या माणसालाही त्याची वळणं नावानिशी पाठ असतात. त्यातल्या कारुसेल वळणाला आत उतरता काँक्रीटचा पट्टा आहे. चाक त्यात उतरलं की स्टिअरिंग हातात असं थडथडतं, की पकड सैल ठेवली तर मनगटाला झटका बसतो.

खऱ्या गाडीत पाठीला बसणारा रेटा इथे नाही, हे कबूल. गाडी घसरायला लागली हे हातांनी आणि टायरच्या आवाजावरून ओळखावं लागतं. पण म्हणून याला पोरखेळ म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. जॅन मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण 2011 मध्ये 'ग्रॅन टुरिस्मो' या रेसिंग गेमवरची स्पर्धा जिंकला आणि 2013 मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत खरी गाडी चालवत होता.

आमच्यासारख्यांना कुठल्या शर्यतीत उतरायचं नसतं. "बाबा, कितवा नंबर आला?" असं पोरगं विचारतं. ट्रॅकवर दुसरी गाडीच नसते, त्याला काय सांगणार!