मागची पट्टी किती देईल? नॉर्वुड ६ ला हेअर ट्रान्सप्लांट ठरवताना

माझं टक्कल नॉर्वुडच्या मापात सहावं. म्हणजे पुढची कड, मधला भाग आणि भोवरा एकमेकांत मिसळलेले, मधे केसांचा पूलही उरलेला नाही. एका कानापासून मागून दुसऱ्या कानापर्यंतची पट्टी तेवढी शाबूत. या मापाचे ७ टप्पे. हॅमिल्टनने १९५१ मध्ये वर्गवारी केली, नॉर्वुडने १९७५ मध्ये ती सुधारली. तिसऱ्या टप्प्यातल्या माणसाचा निर्णय आणि सहाव्या-सातव्यातल्या माणसाचा निर्णय वेगळा असतो, पण जाहिरातीतले आधी-नंतरचे फोटो बहुतेक तिसऱ्या-चौथ्याचेच दिसतात. हे लिहिलंय ते पुढच्या टप्प्यातल्यांसाठी.

क्लिनिकमध्ये पहिला प्रश्न विचारतात, ‘सर, किती ग्राफ्ट करायचेत?’ ग्राफ्ट म्हणजे मागून काढून टकलावर लावायचं केसांचं मूळ. हा प्रश्नच उलटा आहे. मागची पट्टी आयुष्यभरात किती ग्राफ्ट देऊ शकते, हे आधी ठरतं. पुढचं सगळं त्यावरून. मागून काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

आधी टकलाचं क्षेत्रफळ घरीच मोजलं. स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म डोक्यावर घट्ट बसवायची आणि सीडीवर लिहायच्या मार्करने कड आखायची. आखण्याआधी केस ओले करावेत, म्हणजे कडेचे जे केस बारीक होत चाललेत ते लगेच उघडे पडतात. रेघ त्यांच्याही बाहेरून ओढायची, कारण आज ते आहेत, उद्या नसतील. मग पुढचा भाग, मधला भाग आणि भोवरा असे तीन तुकडे कापून आलेख कागदावर सपाट पसरायचे आणि सेंटिमीटरचे चौकोन मोजायचे. अख्खी फिल्म एकदम पसरली तर सुरकुत्या पडून माप कमी येतं. माझं आलं ते असं: पुढे ६०, मधे ७०, भोवरा ७०. एकूण २०० चौरस सेंटिमीटर.

आता मागची बाजू. शेवटपर्यंत टिकेल अशी सुरक्षित पट्टी साधारण १८० चौरस सेंटिमीटर धरली. तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला ७५ फॉलिक्युलर युनिट (एकत्र उगवणाऱ्या केसांचा झुबका; एक युनिट म्हणजे एक ग्राफ्ट), म्हणजे एकूण १३,५००. त्यातले ४० टक्क्यांपर्यंत काढले तर मागे विरळपणा डोळ्यांत भरत नाही. म्हणजे सगळे मिळून ५,४००. आणि टकलावर सरसकट ४० च्या दाटीने लावायचं म्हटलं तर लागतात ८,०००. हिशेब बसत नाही, आणि सहाव्या टप्प्यात तो बहुधा कुणाचाच बसत नाही. दाट पुढा, दाट मध्य आणि दाट भोवरा असं तिन्ही देऊ म्हणणारा एक तर मोजत नाही, किंवा मागची पट्टी ओरबाडणार आहे.

आकडे ऐकताना एक घोळ हमखास होतो. ग्राफ्ट म्हणजे एक केस नव्हे; एका ग्राफ्टमध्ये १ ते ४ केस असतात, सरासरी दोनाच्या थोडी वर. ‘६,००० लावतो’ म्हणजे सहा हजार केस की सहा हजार ग्राफ्ट, हे लेखी घ्यावं. मागची घनता सांगतानाही हीच गल्लत होते. १५० म्हणजे केस, युनिट त्याच्या निम्मे.

मागची पट्टी कॅमेऱ्याखाली बघितल्याशिवाय होकार देऊ नये. ट्रायकोस्कोपी, म्हणजे ही भिंगाच्या कॅमेऱ्याची तपासणी, मागे मध्यावर, दोन्ही कानांच्या मागे आणि कानांच्या वर अशी वेगवेगळ्या ठिकाणी करायला सांगावी. एकाच जागेचा फोटो काढून ‘डोनर (म्हणजे मागची पट्टी) उत्तम’ म्हणणं निरर्थक आहे. पडद्यावर जाड केसांच्या मधे बारीक, फिकट केस किती आहेत ते बघायचं. तेच डीएचटीने, म्हणजे टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाने, झिजवलेले केस. मागच्या पट्टीत त्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं, तर बहुतेक जाणकार सर्जन थांबायला सांगतात. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ऑरेंट्राइकने दाखवून दिलं की केस नव्या जागी गेला तरी आपल्या मूळ जागेचा स्वभाव सोबत नेतो. सगळी शस्त्रक्रिया याच तत्त्वावर उभी आहे, आणि नेमकं त्यामुळेच मागचा कमजोर केस पुढे लावला तर तो पुढेही गळतो. तपासणीला जाताना टक्कल झाकायचं फायबर, रंग, जेल यांतलं काही लावू नये.

घनतेइतकीच केसाची जाडी महत्त्वाची, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. केसाचं आकारमान व्यासाच्या वर्गाने वाढतं. ६० मायक्रॉनच्या केसापेक्षा ८० मायक्रॉनचा केस पावणेदोन पट भरतो. म्हणून तेवढ्याच ग्राफ्टमध्ये एकाचं डोकं भरलेलं दिसतं आणि दुसऱ्याचं विरळ. काळ्या केसांखाली सावळी त्वचा असेल तर टाळू कमी चमकते. गोऱ्या टाळूवर तीच दाटी उघडी पडते. दुसऱ्याचा फोटो दाखवून ‘असंच होईल’ म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही.

औषधं टाळून सर्जरी करावी असं अनेकांना वाटतं. ‘जे गेलंय ते गेलंय, गोळ्या कशाला?’ गोळी गेलेल्यासाठी नसतेच. फिनास्टराइड १ मिलिग्राम रोज, आणि टाळूला ५ टक्के मिनॉक्सिडिल, हे उरलेल्या कडा आणि मागची पट्टी सांभाळायला असतं. वर्षभर औषध घेऊन टक्कल स्थिर आहे की अजून पसरतंय ते पाहावं आणि मग सुरीचा विचार करावा. मिनॉक्सिडिलने सुरुवातीच्या आठवड्यांत गळती वाढते, तेव्हा घाबरून बंद करू नये. फिनास्टराइडने थोड्या लोकांना लैंगिक तक्रारी होतात, काहींना मन उदास वाटतं. हे डॉक्टरांशी मोकळेपणी बोलूनच सुरू करावं. पन्नाशीच्या पुढच्यांनी लक्षात ठेवायचं ते वेगळंच: या गोळीने पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठी रक्तात तपासतात तो आकडा, साधारण निम्मा दिसतो, म्हणून प्रोस्टेटची तपासणी करताना गोळी चालू असल्याचं सांगायलाच हवं. गोळी चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नाही.

पद्धती खऱ्या दोनच. एफयूटीमध्ये मागून एक-सव्वा सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी कापून टाके घालतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफ्ट सुटे करतात. एफयूईमध्ये ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे बारीक गोल पात्याने, एकेक मूळ काढतात. पहिलीत आडवा व्रण राहतो, त्यामुळे मागचे केस अगदी बारीक कापता येत नाहीत. पण बाकीची पट्टी अस्पर्श राहते आणि पुढे तिच्यातून एफयूई करता येते. सातव्या टप्प्याच्या माणसाला आधी एफयूटी आणि नंतर एफयूई केल्यास आयुष्यभरात जास्त ग्राफ्ट मिळू शकतात. ज्यांच्याकडे पट्टी सुटी करणारी तयार माणसं नाहीत, ते हा पर्याय बोलतच नाहीत. मी एफयूई निवडली, कारण मागे केस बारीक ठेवायची सवय आहे. एका बैठकीत दर चौरस सेंटिमीटरला १५ पेक्षा जास्त काढायचे नाहीत, ही अट घातली. जास्त काढले, किंवा एकाच जागी गर्दीने काढले, की मागे कसर लागल्यासारखे ठिपके दिसतात आणि ते दुरुस्त होत नाहीत. ‘तुटलेली मुळं किती टक्के?’ हेही विचारावं. चांगल्या हातात ती ५ टक्क्यांच्या आत राहतात.

बाकी नावं बहुतेक बाजारातली. डीएचआय म्हणजे पेनासारख्या इम्प्लांटरने लावणं, सफायर म्हणजे चीर द्यायचं पातं नीलमचं. ‘बायो’ लावलं की सोबत पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेल्या प्लाझ्माचं इंजेक्शन. याने चिरा नीट होतील, काम थोडं सोपं होईल. मागची पट्टी मोठी होणार नाही. लंडन-दुबईकडची आपली मंडळी इस्तंबूलच्या पॅकेजला जातात, तिथे ‘जास्तीत जास्त ग्राफ्ट’ असं लिहिलेलं असतं. सहाव्या टप्प्यासाठी यापेक्षा घातक शब्द नाहीत.

कोण करणार, हा प्रश्न मी सगळ्यात जास्त चिवटपणे विचारला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सूचना काढल्या. त्यानुसार हे काम शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण असलेल्या डॉक्टरने करायचं, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा शस्त्रक्रियेचं पुरेसं प्रशिक्षण घेतलेला त्वचारोगतज्ज्ञ. कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकलेलं त्यात धरलेलं नाही. प्रत्यक्षात समुपदेशक बोलतो, डॉक्टर रेघ आखून जातो आणि पंच टेक्निशियन चालवतो. म्हणून थेट विचारावं: भूल कोण देणार? मुळं कोण काढणार? चिरा कोण पाडणार? केसाची दिशा आणि कोन चिरेतच ठरतात. ते चुकलं तर केस सरळ उभे वाढतात आणि विंचरून बसत नाहीत.

मार्च २०१९ मध्ये मुंबईत ९,५०० ग्राफ्टच्या एका लांबलचक बैठकीनंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला. त्या बातमीनंतर ‘एका दिवसात सगळं’ हा शब्द मला सहन होत नाही. गणित साधं आहे. भुलीसाठी देतात त्या लिग्नोकेनची मर्यादा, अॅड्रेनॅलिनसह, किलोमागे ७ मिलिग्राम. ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्राम. २ टक्क्यांची ३० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे ६०० मिलिग्राम. अख्खी बाटलीसुद्धा त्याला जास्त होते, आणि मोठ्या टकलाला मागे-पुढे दोन्हीकडे भूल लागते. मोठं काम दोन दिवसांत विभागावं. खोलीत ऑक्सिजन, मॉनिटर आणि आणीबाणीची औषधं आहेत का, हे डोळ्यांनी बघावं. आधी रक्ताची पूर्ण तपासणी, साखर, रक्त गोठण्याची वेळ, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, ईसीजी. रक्त पातळ ठेवणारं अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, ज्यांनी दिलंय त्यांना विचारायचं.

वाद होतो तो हेअरलाइनवर, म्हणजे केसांच्या पुढच्या कडेवर. केस लावून घेणारा माणूस आपला कॉलेजातला फोटो काढून दाखवतो. मोठ्या टकलाला कड भुवयांच्या मध्यापासून ८ सेंटिमीटरच्या वरच हवी आणि कोपरे मागे गेलेलेच ठेवावेत. कड एक सेंटिमीटर खाली आणली की तेवढ्यावर शेकडो ग्राफ्ट जातात, आणि ते मधल्या भागातून वजा होतात. शिवाय साठीत ती कड विचित्र दिसते. सगळ्यात पुढच्या ओळींत एक-एक केसाचेच ग्राफ्ट, तेही वेडेवाकडे. त्यांच्या मागे दोन-तीन केसांचे.

माझी वाटणी अशी ठरली: पुढे ६० × ४० म्हणजे २,४००, मधे ७० × २५ म्हणजे १,७५०. बेरीज ४,१५०, तीही दोन बैठकींत. मूळची दाटी निम्मी असली तरी डोळ्याला केस भरलेले वाटतात, म्हणून ७५ च्या जागी ४० पुढे पुरतात. मधला भाग पुढच्या केसांनी थोडा झाकला जातो, तिथे २५ चालतात.

पैशांबद्दल थोडक्यात. भाव ग्राफ्टमागे असेल तर संख्या वाढवण्याचा मोह क्लिनिकला असतो. ठोक भाव असेल तर मोजदाद ढिली होते. काहीही असो, शेवटी एक, दोन, तीन केसांचे ग्राफ्ट किती ते लिहून मागावं. आरोग्यसेवेच्या जीएसटी सवलतीतून हेअर ट्रान्सप्लांट नाव घेऊन वगळलेलं आहे. सांगितलेला आकडा कर धरून की सोडून, ते विचारावं. टकलाच्या शस्त्रक्रियेला विमा मिळत नाही.

नंतरचा काळ सुट्टी ठरवताना लागतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते, म्हणून डोकं ४५ अंशांवर ठेवून झोपायचं आणि सलाइनचा फवारा मारत राहायचा. खपल्या सात ते दहा दिवसांत धुताना मऊ होऊन निघतात, नखाने काढायच्या नाहीत. दहाव्या दिवसानंतर ग्राफ्ट सहसा ओढूनही निघत नाही. पण हेल्मेट दोन आठवडे नाही, म्हणजे पुण्यात तेवढे दिवस दुचाकी नाही. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले केस जवळजवळ सगळे गळतात. मूळ आत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवण सुरू होते आणि पूर्ण रूप यायला वर्ष लागतं. याच काळात पुळ्या येतात आणि मागे बधिरपणा राहतो. पू किंवा वाढता लालसरपणा असेल तरच धावपळ करायची. टाळू काळी पडत चालली तर मात्र त्याच दिवशी जायचं. धूम्रपान आणि मधुमेह असलेल्यांत, विशेषतः भोवऱ्यावर दाटीने चिरा पाडल्यावर, रक्तपुरवठा तुटून कातडी मरू शकते.

भोवरा मी सोडला. तिथे केस चक्राकार फिरतात, एकाने दुसरा झाकला जात नाही, त्यामुळे ग्राफ्ट सर्वांत जास्त खातो आणि दिसतो सर्वांत कमी. शिवाय तो पुढेही पसरत राहतो. मधे केस लावले आणि भोवतीने टक्कल वाढलं की बेट तयार होतं. पुढच्या बैठकीला किमान वर्षाचं अंतर, पुन्हा ट्रायकोस्कोपी, आणि मागे जे १,२५० उरलेत त्यातले सगळे खर्च करायचे नाहीत. हनुवटीखालच्या दाढीचे हजार-पंधराशे ग्राफ्ट तिथे कामाला येतात. ते जाड आणि बहुतेक एकेरी असतात, म्हणून मागच्या केसांत मिसळून लावायचे, पुढच्या कडेला कधीच नाही. तेवढ्याने १५ ची दाटी येते. तीही नको वाटली तर भोवऱ्यावर रंगाचे ठिपके गोंदवण्याचा पर्याय आहे, फक्त केस तेवढे बारीक ठेवावे लागतात.