तुम्ही विचारलंत म्हणून: "फुकटचं कशाला वापरतेस?"

विचारणारे बदलतात, सूर तोच. माझा लॅपटॉप उघडला की खाली ओळखीचं चिन्ह दिसत नाही, मग "हे काय गं?", मी म्हणते लिनक्स मिंट (लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, मिंट हा तिचा एक प्रकार), मग दोन सेकंद थांबून "म्हणजे ते फुकटवालं ना? अगं दिवसभर त्याच्यावर कामं करतेस, विंडोज घे की चांगलं". दिरांनी विचारलंय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारलंय, एकदा तर कुरिअरवाल्याने विचारलं. तर एकदाच सविस्तर सांगते.

आधी ते फुकटचं मिटवू. आपल्याकडे विंडोज तरी मोजून पैसे देऊन कोण आणतं हो? लॅपटॉपबरोबर आलेलं असेल तर त्याचे पैसे किमतीतच गेलेले असतात त्यामुळे कळत नाहीत, आणि असेंबल केलेला पीसी असेल तर दुकानातला पोरगा खिशातून पेनड्राइव्ह काढतो, "फॉरमॅट मारून देतो मॅडम", आणि विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, वर दोन-चार व्हिडिओ प्लेअर असं सगळं टाकून देतो, त्याचं बिल कुणी बघितलंय आजवर? म्हणजे फुकटच हवं असतं तर तेही फुकटच होतं. लिनक्स वापरणारे कंजूस आणि चोरीचं विंडोज वापरणारे व्यवहारी, हा हिशोब मला कधी कळला नाही.

मी लिनक्स वापरते ते कॉम्प्युटर गप्प बसावा म्हणून. बस, एवढंच खरं कारण.

माझं काम भाषांतराचं. एका बाजूला मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूला लिब्रेऑफिस (वर्डसारखं, लिहायचं), मागे ब्राउझरमध्ये शब्दकोश, आणि मध्ये माझं डोकं. त्यात कोपऱ्यातून काहीतरी सरकत आलं, आमचा ब्राउझर वापरून बघा, फाइली आमच्या क्लाउडवर ठेवा, की धरून ठेवलेलं वाक्य गेलं. आणि हे काही माझ्या डोक्यातले खेळ नाहीत, सगळ्या जगाने बघितलंय. विंडोज १० च्या स्टार्ट मेन्यूत कँडी क्रश आयतं येऊन बसायचं. विंडोज ११ ची होम आवृत्ती सेटअपलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागते, म्हणजे स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मशीनमध्ये शिरायला आधी नावनोंदणी. मे २०२४ मध्ये त्यांनी रिकॉल नावाचं फीचर जाहीर केलं, दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवणारं, त्यावर इतका आरडाओरडा झाला की ते लांबणीवर टाकावं लागलं आणि शेवटी २०२५ मध्ये आलं तेव्हा ज्याला हवं त्यानेच चालू करायचं असं करून आलं. आरडाओरडा झाला म्हणून हं. घराचं भाडं आपण भरायचं आणि मालकाने रोज येऊन हॉलमध्ये जाहिराती चिकटवायच्या, वर आपण म्हणायचं चालतंय, घर मोठं आहे, असं काहीतरी झालंय.

आणि घरही तसं मोठं लागतं. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा हवी, ४ जीबी रॅम हवी, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर त्यांच्या यादीतला हवा, इंटेलचा असेल तर ढोबळ मानाने आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१६ सालचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅमवाला, एकदम धडधाकट लॅपटॉप, तो बाद. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला (वर्षभराची मुदतवाढ आहे, तिच्या अटी वाचाव्यात), आणि अशा कितीतरी मशीन एका तारखेला म्हाताऱ्या ठरल्या. मिंटचं म्हणणं काय, तर २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा किमान, ४ जीबी रॅम असेल तर बरं. माझ्या जुन्या ४ जीबीच्या डबड्यावर मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती आहे, नुसतं चालू करून काही न उघडता मेमरी बघितली तर आठशे एमबीच्या आसपास जाते, उरलेली माझी.

आता अपडेट. हे जरा लांबवते, कारण लोकांना हेच माहीत नसतं. मिंटमध्ये खाली कोपऱ्यात ढालीचं एक छोटं चिन्ह असतं, अपडेट आलं की त्याच्यावर ठिपका येतो. तेवढंच. मी क्लिक केलं तर यादी दिसते, कोणता प्रोग्रॅम, आताचं व्हर्जन कुठलं, नवं कुठलं, किती एमबी, आणि एखाद्यावर टिचकी मारली तर काय बदललंय तेही. नको ते अनटिक करायचं. इन्स्टॉल म्हटलं की पासवर्ड विचारतो आणि मी परत भाषांतराला लागते, मागे चालू राहतं. रिस्टार्ट नाही. हे जमतं कसं तर लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाइलसुद्धा बदलता येते, चालू आहे तो जुनीच फाइल धरून चालत राहतो आणि पुढच्या वेळी उघडला की नवी घेतो. विंडोज वापरात असलेली फाइल सहसा बदलू देत नाही, म्हणून ते रिस्टार्टच्या वेळी "कॉम्प्युटर बंद करू नका" म्हणत टक्के मोजत बसणं. इथे कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बदललं तर रिस्टार्ट लागतो, पण केव्हा करायचा ते मी ठरवते, आठवड्याने केला तरी कुणी आडवं येत नाही. (फायरफॉक्स मात्र अपडेट झाल्यावर नवा टॅब उघडला की आधी मला बंद करून चालू करा म्हणून अडून बसतो, सगळेच साधू नाहीत.) आणि सगळे प्रोग्रॅम एकाच ठिकाणाहून, डिजिटल सही तपासून येतात, त्यामुळे कुठल्यातरी साइटवर जाऊन चार हिरव्या डाउनलोड बटणांतलं खरं कुठलं ते ओळखायचा खेळ नाही.

मग पुढचा प्रश्न, हे करतं कोण आणि त्यांना काय मिळतं. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प (सगळ्यांना मोकळेपणाने वापरता, बदलता येईल अशी सिस्टीम बनवायचा) जाहीर केला, लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना कर्नल लिहायला घेतलं, हे सगळीकडे वाचायला मिळतं. मला त्याच्यापेक्षा उबुंटूची (हाही लिनक्सचाच एक प्रकार) गोष्ट आवडते, कारण तिथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. २०१२ मध्ये उबुंटूने काय केलं, तर कॉम्प्युटरवर काही शोधलं की खाली अ‍ॅमेझॉनच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली. म्हणजे तुम्ही स्वतःची फाइल शोधताय आणि हे साबण दाखवतायत! स्टॉलमनने सरळ स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारं, म्हटलं, लोक खवळले, आणि २०१६ च्या आवृत्तीत ते मुळातच बंद होऊन आलं. त्यामुळे ओपन सोर्सवाले सगळे संत, असं मी कधीच म्हणत नाही. फरक इतकाच की इथे कोड सगळ्यांच्या हातात असतो, एकाने घाण केली की दुसरा तोच कोड उचलून घाण काढून परत देतो. मिंट हेच करतं. २००६ मध्ये क्लेमाँ लफेव्ह्रने सुरू केलेलं, उबुंटूच्या पायावर उभं, देणग्या आणि स्पॉन्सरवर चालणारं. उबुंटूने आपला प्रोग्रॅम बसवायचा स्नॅप नावाचा प्रकार रेटायला सुरुवात केली तर २०२० च्या मिंट २० मध्ये स्नॅप मुळात अडवूनच टाकला, ज्याला हवा त्याने स्वतः उघडावा. तुमच्या विंडोजमधलं नको ते काढून "विंडोज, पण गप्प" असं कुणी कायदेशीरपणे काढून देईल का? नाही देऊ शकत.

मराठी टाइप होतं का? होतं, हे सगळं तिथेच टाइप केलंय. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, फोनेटिक आहे, आणि लोहित देवनागरी हा रेड हॅटने खुला करून दिलेला फॉन्ट आहे. "दुसऱ्या"मधला ऱ्य कसा काढायचा हे विचारणारे बरेच, इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र, मग हलंत, मग य. विंडोजच्या इनस्क्रिप्टमध्येही असंच आहे, त्यामुळे इथे गुण द्यायचे तर दोघांना सारखे. आपल्याकडे एमएस-सीआयटीमध्ये कॉम्प्युटर म्हणजे विंडोज असंच शिकवलं त्यामुळे बाकीचं सगळं परग्रहावरचं वाटतं, केरळच्या सरकारी शाळांत पोरं वर्षानुवर्षं उबुंटूवर आधारलेली सिस्टीम वापरतायत, त्यांना नाही वाटत.

पण प्रत्येकाला मी हे टाकून देत सुटत नाही. दिरांचं दुकान टॅलीवर चालतं, टॅली विंडोजसाठी बनतं, त्यांना मी चुकूनही सांगत नाही. ज्यांची जुनी डीटीपीची कामं श्रीलिपी या विंडोजवरच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलीयत, त्यांनाही नाही. फोटोशॉपवर पोट असेल तर नाही, जिंपने (फोटोशॉपसारखं फुकटचं सॉफ्टवेअर) काम होतं असं सांगणारे स्वतः जिंपवर पोट भरत नसतात. भाच्याला व्हॅलोरंट खेळायचंय, ते लिनक्सवर चालत नाही, विषय संपला. बाकीचे गेम स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून पुष्कळ चालतात पण त्याला तेच हवंय.

ज्यांचं सगळं ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप वेब, पीडीएफ आणि पत्रं लिहिणं एवढंच आहे, त्यांनी मात्र एक करून बघा. मिंटची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर चढवा, त्याच्यावरूनच लॅपटॉप चालू करा, हार्डडिस्कला हातही लावायचा नाही. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, झाकण बंद करून उघडलं तर जागा होतोय का, ब्लूटूथचा हेडफोन जोडला जातोय का, एवढं बघा. एखादं नाही चाललं तर पेनड्राइव्ह काढा, तुमचं विंडोज जिथल्या तिथे आहे. चाललं तर डेटाचा बॅकअप घ्या आणि मग रविवारी दुपारी फोन करा, सकाळी नको, सकाळी मी डेडलाइनवर असते.